पाकिटं कोरडी ठेव

बोट बुडाली हे खात्रीनं कळलं, तेव्हा ओकिमोतो योनेझो पायाची नखं कापत बसला होता. रविवार होता. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. रात्री नखं कापली तर आईबापाच्या शेवटच्या घटकेला माणूस जवळ नसतो, असं त्याच्या आईनं लहानपणी बजावलं होतं. आईबाप जाऊन वीस वर्षं उलटली तरी नखं दिवसाच कापायची सवय राहिली. पूर्वी बायको, हात्सुए, खाली पेपर अंथरून द्यायची. दोघांचा वाचून झालेला पेपर कुठला, हे तिला बरोबर ठाऊक असायचं. ती ऑक्टोबरात गेली. तेव्हापासून पेपर दाराशी साठत होते, आणि नखं वाढली की तो हाताला येईल तो कागद ओढत होता. अंगठ्याचं नख उडून एका छोट्या बातमीवर पडलं. ते उचलायला तो वाकला आणि त्याला चारशे बारा हा आकडा दिसला. आधी आकडा दिसला, मग बातमी. दक्षिणेतल्या बेटांजवळ, अठरा मीटर पाण्यात, एका लाकूड कंपनीच्या बुड्या मारणाऱ्या माणसांना आपल्या आरमाराची दोन माणसांची छोटी पाणबुडी सापडली होती. मोटरीवरच्या पितळी पट्टीवर चारशे बारा हा नंबर होता. आत दोन माणसांची हाडं होती. बातमी सात ओळींची होती आणि पेपर तीन दिवसांचा शिळा होता.

ती पट्टी त्यानं स्वतः घासलेली होती. बेचाळीस सालचे सहा महिने, रोज सकाळी, तेलात भिजवलेल्या चिंधीनं. छोटी बोट मोठ्या पाणबुडीच्या पाठीवर बांधलेली असायची, पोराला पाठुंगळी घेतल्यासारखी, आणि तिच्या बॅटऱ्या, मोटर, झडपा नीट ठेवणं एवढंच योनेझोचं काम होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ती चालवायची दोघांनी: लेफ्टनंट शिनोमिया आणि मोटरीवरचा काजितानी. नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री मोठ्या बोटीनं ती पाण्याखाली सोडली आणि पुढं तिचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. कागदोपत्री ‘परत आली नाही’ एवढंच. एकतीस वर्षं ती नुसती परत आली नव्हती. नखकात्री हातात घेऊन योनेझो बसून राहिला, आणि त्याला सगळ्यात आधी जे वाटलं ते दुःख नव्हतं. पाठीवरची गोणी कुणीतरी उचलून घ्यावी तसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. त्याची त्याला लाज वाटली. तो उठून आतल्या खोलीत गेला. कोनाड्यात हात्सुएच्या अस्थींचा कलश होता, पांढऱ्या कापडात बांधलेला. एकोणपन्नासाव्या दिवशी तो थडग्यात ठेवायचा असतो. तो दिवस डिसेंबरात होऊन गेला होता आणि देवळातून दोनदा विचारणा झाली होती. त्यानं पेपर कलशापुढं ठेवला आणि म्हणाला, सापडली बघ. मग पेपरावर नखं तशीच आहेत हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून त्यानं तो पुन्हा उचलला, नखं झाडली आणि परत ठेवला.

हात्सुएला सगळं माहीत होतं. तिला एकटीलाच. लग्नानंतर चौथ्या वर्षी एकदा तापात तो बडबडला होता, आणि ताप उतरल्यावर तिनं समोर भाताची पेज ठेवून विचारलं होतं, कसली पाकिटं? मग त्यानं सांगितलं. छोट्या बोटीवर जाणारी माणसं निघण्याआधी डोक्याचे चार केस आणि बोटांची नखं कापून पाकिटात घालून ठेवायची. अंग परत आलं नाही तर घरच्यांना पुरायला काहीतरी हवं म्हणून. शिनोमिया आणि काजितानी दोघांनी आपापली पाकिटं योनेझोकडं दिली. वर निळ्या शाईनं नावं लिहिली होती. योनेझोनं ती हत्यारांच्या कपाटात, पान्यांच्या डब्यात ठेवली, कारण बोटीवर स्वतःची म्हणावी अशी त्याची तेवढीच जागा होती. छोटी बोट सुटायच्या आधी आतल्यांशी बोलायला एक टेलिफोनची तार असायची. बोट सुटली की ती तुटायची. शिनोमियानं तारेवरून नेमून दिलेली वाक्यं म्हटली. मग काजितानीचा आवाज आला. तो नेहमी थट्टेत बोलायचा, तसाच म्हणाला, “योने, पाकिटं कोरडी ठेव रे. नाहीतर माझी आई म्हणेल, पोरगा मेल्यावरसुद्धा अंघोळ करून अंग न पुसता आला.” वरचे अधिकारी जवळ उभे होते म्हणून योनेझो हसला नाही. हो म्हणायच्या आत तार तुटली.

पाकिटं कोरडी राहिली नाहीत. त्याच पहाटे वरून बाँब पडले, मोठी बोट सोळा तास तळाशी निपचित पडून राहिली, आणि एका झडपेतून पाणी झिरपून कपाटाच्या तळात साचलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डबा उघडला तेव्हा कागदाचा लगदा झाला होता आणि शाई सगळीकडं सारखी निळी होती. त्यानं दोन्ही पुड्या मोटरीजवळच्या गरम पत्र्यावर वाळवल्या. केसांवरून काही कळण्यासारखं नव्हतं, दोघांचीही डोकी भादरलेली. नखं मात्र वेगळी होती. एका पुडीतली जाड, पिवळट, कडेला ओबडधोबड. दुसरीतली पातळ, गुळगुळीत. योनेझोनं फार विचार केला नाही. जाड नखं मोटरीवाल्याची, पातळ नखं साहेबाची. शिनोमिया साहेब नेहमी पांढरे हातमोजे घालायचा, नौदलाच्या शाळेतून आलेला, त्याचे हात योनेझोनं कधी उघडे बघितले नव्हते. त्यानं दोन नवी पाकिटं केली आणि स्वतःच्या हातानं नावं लिहिली. बंदरात आल्यावर ती देऊन टाकली. पुढं दोन महिन्यांनी जेवताना त्याला एकदम आठवलं, की काजितानी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा होता. मात्सुएला त्यांचं दुकान होतं. चिमट्यानं चाकं उचलणारी बोटं. ती मोटरीच्या तेलातसुद्धा बायकांसारखी स्वच्छ असायची, आणि आपण ती सहा महिने शेजारी बघत होतो. तोंडातला घास त्यानं गिळला. तेव्हापासून त्याला ठाऊक होतं की आपण चुकलो. बहुतेक चुकलो. हे ‘बहुतेक’ सगळ्यात वाईट होतं.

हात्सुए पेज खाली ठेवून म्हणाली होती, जाऊन सांगून या. साहेबाची म्हातारी काही खाणार नाही तुम्हांला. तो म्हणाला होता, बघू. पुढं दर एकदोन वर्षांनी ती हा विषय काढायची. कधी रागानं, कधी नुसतीच आठवण म्हणून, जसं छपराच्या गळतीचं सांगावं. एकदा तर तिनं मात्सुयामाच्या बोटीची दोन तिकिटं काढून आणली. शिनोमियाची आई मात्सुयामासमोरच्या बेटावर राहायची, संत्र्यांच्या बागा होत्या त्यांच्या. आपल्या गावच्या, कुरेच्या धक्क्यावर दोघं उभी राहिली, हात्सुएच्या हातात भेटीच्या मिठाईचा डबा. बोटीचा भोंगा झाला आणि योनेझो म्हणाला, आज वारा आहे. वारा नव्हता. परत येताना ट्राममध्ये हात्सुएनं डबा उघडला आणि एक मिठाई त्याच्या हातात दिली, एक स्वतः खाल्ली. त्या मिठाईची चव अजून त्याच्या जिभेवर होती, गोड आणि जराशी शिळी. मधल्या काळात दक्षिणेतल्या कुठल्या ना कुठल्या बेटावरच्या जंगलातून एखादा हरवलेला सैनिक बाहेर यायचा, पेपरात त्याचा दाढी वाढलेला फोटो यायचा, आणि योनेझो भिंग घेऊन तो फोटो बघायचा. काजितानी असेल तर? बोट किनाऱ्याला लावून दोघं जंगलात शिरले असतील तर? मग तो घरी जाईल, स्वतःचं थडगं उघडेल, आणि म्हणेल, योने, हे कुणाचं रे? अशा वेळी हात्सुए भिंग काढून घ्यायची आणि म्हणायची, पुरे. त्याचं नाक असं नव्हतं, तुम्हीच सांगितलंय.

महिनाभरानं इमाओकाचं पोस्टकार्ड आलं. इमाओका मोठ्या बोटीवरचा स्वयंपाकी, आता कुरेत स्टेशनजवळ त्याचं नूडल्सचं दुकान होतं. बोटीवरच्या वाचलेल्या अकरा जणांना एकमेकांचे पत्ते त्याच्याकडून कळायचे. योनेझो दुकानात गेला तेव्हा इमाओका म्हणाला, तू कोपऱ्यात बस, दाराशी बसलास तर तुझं तोंड बघून गिऱ्हाईक पुढं जातं. मग वाडगं समोर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. सरकारी माणसं बेटावर जाऊन आली होती. हाडं काढली. आत चिखल भरलेला, कुठलं हाड कुणाचं ते सांगता येईना, म्हणून किनाऱ्यावरच लाकडं रचून दोघांना एकत्र अग्नी दिला आणि राख दोन पेट्यांत सारखी भरली. शिनोमियाच्या आईनं निरोप पाठवला होता, की मे महिन्यात थडगं उघडून पेटी ठेवायची आहे, बोटीवरचं कुणी असलं तर बरं वाटेल. इमाओका म्हणाला, मी जाणार नाही, दुकान आहे. तू जा, तुला घरी कोण थांबवतंय. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो उगाच फडक्यानं मेज पुसत राहिला. योनेझोला राग आला नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: थडगं उघडणार. जुनी पेटी बाहेर निघणार. त्याच्या अक्षरातलं पाकीट निघणार. त्याआधी सांगायला हवं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला मुलाच्या थडग्यासमोर उभं करून मग सांगणं म्हणजे माणुसकी नव्हे.

मे महिन्यात ठरलेल्या दिवशी तो निघाला तेव्हाही वारा नव्हता. मात्सुयामाला उतरून तो छोट्या लाँचनं बेटावर गेला. धक्क्यापासून वर चढताना दोन्ही बाजूंना दगडी बांधांचे टप्पे होते आणि संत्र्यांची झाडं फुलली होती. वास इतका दाट की तोंडात गेल्यासारखा वाटत होता. हातात मिठाईचा डबा होता, त्याच दुकानातला. दुकानात त्याला कळलं नव्हतं कुठली घ्यावी. ते काम हात्सुएचं. त्यानं पोरीला सांगितलं, सोळा वर्षांपूर्वी माझ्या बायकोनं नेली होती ती दे. पोरगी हसली आणि तिनं महागातली दिली. चढ चढताना त्याला कळलं, की आपण मनातल्या मनात हात्सुएशीच बोलतोय: आलो बघ. आता तू काहीही म्हण. तू असतीस तर तू बोलली असतीस आणि मी बाहेर चपला सांभाळत बसलो असतो. मागं वळून बघितलं तर लाँच सुटून गेली होती, आणि दुसरी चार वाजेपर्यंत नव्हती. हेही बरंच झालं, असं त्याला वाटलं.

म्हातारीचं नाव ताने. घराच्या पडवीत बसून ती मटार सोलत होती. जावई माणसं बोलवायला खाली गेला होता, थडगं दुपारी उघडायचं होतं. तिनं योनेझोला नीट बघितलं, डबा घेतला, बाजूला ठेवला, आणि म्हणाली की बसून काय करणार, शेंगा घ्या. तो शेंगा सोलू लागला. तिचे हात त्यानं बघितले. बोटं वाकडी, नखं जाड, पिवळट, कडेला ओबडधोबड. त्यानं नजर दुसरीकडं नेली. ती विचारत होती, तो सांगत होता: साहेब काय खायचे, आजारी पडले होते का, गाणं म्हणायचे का. गाणं म्हणायचे, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. टोपलीतल्या निम्म्या शेंगा संपल्या. आता नाही तर जावई येईल, असं मनाशी म्हणून त्यानं हातातली शेंग खाली ठेवली आणि गुडघ्यांवर बसला.

“आई, त्या पाकिटातली नखं बहुतेक तुमच्या मुलाची नाहीत,” तो म्हणाला. “पाकिटं भिजली. नावं मी लिहिली. अंदाजानं.”

म्हातारीचा हात थांबला नाही. अंगठ्यानं शेंग फोडून तिनं दाणे पातेल्यात ओढले.

“बहुतेक कशाला म्हणता,” ती म्हणाली. “नाहीतच.”

मग तिनं सांगितलं, तेही शेंगा सोलता सोलता. पोरगा नऊ वर्षांचा असताना बांधाचा दगड त्याच्या डाव्या अंगठ्यावर पडला. तेव्हापासून ते नख दोन फाकांत वाढायचं, मधे चीर. नौदलाच्या शाळेत गेला तर तिथं वरची पोरं हसायची. म्हणून हातमोजे. सुट्टीत घरी आला तरी मोजे काढायचा नाही, जेवताना तिनं रागावून काढायला लावले होते. पेटी आली तेव्हा गावातले मोठे लोक, शाळेची पोरं, झेंडे, सगळं होतं. सगळे गेल्यावर रात्री तिनं पाकीट उघडलं. वरचं अक्षर त्याचं नव्हतं, पण म्हटलं असेल कुणा कारकुनाचं. आत बघते तर दहाच्या दहा नखं धड. पातळ, गुळगुळीत. असली नखं आमच्या घरात कुणाला नाहीत, ती म्हणाली, आमची सगळी जात दगड उचलणारी.

योनेझोनं विचारलं, तेव्हा कुणाला सांगितलं नाहीत? ती म्हणाली, कुणाला सांगू? सांगितलं असतं तर ते परत घेऊन गेले असते. आणि तिला ते परत द्यायचं नव्हतं, कारण त्या रात्री तिला वाटलं, की मेला तो दुसराच कुणीतरी. नखं चुकली म्हणजे माणूसही चुकला. लोक थडग्याला हात जोडायचे, तीही जोडायची, आणि आत मनात हसायची. लढाई संपेपर्यंत ती त्या नखांच्या जोरावर वाट बघत राहिली. नंतरही वर्षभर, लाँचच्या वेळेला रोज खाली धक्क्यावर. मग एक दिवस गेली नाही.

योनेझोनं डोकं जमिनीला टेकवलं. एवढं त्याला कधी सुचलं नव्हतं. चूक झाली म्हणजे दुसऱ्याची नखं दुसऱ्याच्या थडग्यात, इतकंच तो धरून बसला होता. कुणी त्या चुकीवर चार वर्षं जगेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. माझ्यामुळं, असं काहीतरी तो पुटपुटला.

“उठा हो. कपाळाला मटाराची सालं लागली,” म्हातारी म्हणाली. “ती वर्षं माझी बरी गेली. शेजारच्या बाया रडत होत्या तेव्हा मी बागेला खत घालत होते. ती झाडं अजून फळ देतायत. मला तर ती वर्षं फुकट मिळाली, आणि तुम्ही एकतीस वर्षं ओझं वाहिलंत. कुणाचं नुकसान झालं सांगा.”

तो उठून बसला. कपाळ पुसलं. म्हातारी पुढं सांगत होती, की धक्क्यावर जाणं सोडल्यावर तिला त्या नखांचा विचार पडला. बोटीत दोघंच होते, म्हणजे हा दुसरा. कुणाचा तरी पोरगा आपल्या घरी आलाय, तर त्याला उपाशी कसं ठेवायचं. तेव्हापासून रोज सकाळी ती दोन वाट्या भात ठेवायची. लेक विचारायची दोन कशाला, तर ही म्हणायची, त्याला भूक फार. आणि तिकडं त्या दुसऱ्या घरी कुणीतरी माझ्या पोराला पाणी देत असेल, अशी तिनं समजूत घातली होती. त्या आईला पत्र लिहावं असं कितीदा मनात आलं. पण तिच्या ध्यानात आलं नसेल तर तिचं मन कशाला मोडा, म्हणून राहिलं. आता ती आईही गेली म्हणतात, थोरला मुलगा दुकान चालवतो. मग म्हातारी हसली. दात दोनतीनच होते. “आणि आता ही पेटी. दोघांची राख एकत्र करून निम्मीनिम्मी. तुम्ही केलंत तेच सरकारनं केलं की. तुम्ही एकट्यानं केलंत, त्यांना सहा माणसं लागली.”

योनेझोला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता, आणि हातातल्या शेंगेतले दाणे पडवीभर उडाले. हात्सुएच्या दहनाच्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मेव्हणीनं त्यावरून टोमणाही मारला होता. म्हातारी ओणवी होऊन एकेक दाणा वेचत राहिली. दाणे वेचून झाल्यावर तिनं विचारलं, घरी कोण असतं? त्यानं सांगितलं. कलश अजून घरातच आहे हेही सांगितलं. का, असं तिनं विचारलं नाही. इतकंच म्हणाली, की तिलाही कुठंतरी पोचायचं असेल ना, तुमच्यासारखी ती काही बोट चुकवणारी दिसत नाही. योनेझोनं चमकून बघितलं. धक्क्यावरची ती गोष्ट त्यानं म्हातारीला सांगितलेली नव्हती. पण म्हातारी पातेलं घेऊन आत चालली होती, आणि ती सहज बोलून गेली होती एवढंच.

दुपारी जावयानं आणि दोन शेजाऱ्यांनी दगड सरकवला. जुनी पेटी निघाली, लाकूड कुजलेलं, पण पाकीट तेलकागदात गुंडाळलं होतं. ते म्हातारीनं केलेलं. कोरडं ठणठणीत. वर योनेझोचं बाविसाव्या वर्षीचं अक्षर, मोठं आणि घाबरलेलं. नवी पेटी आत ठेवली, उदबत्त्या लावल्या, सगळ्यांनी हात जोडले. पाकीट मात्र म्हातारीनं आत ठेवलं नाही. खाली उतरताना जावई पुढं गेल्यावर तिनं ते योनेझोच्या हातात दिलं.

“त्यांच्या घरचा पोरगा त्यांच्या घरी पोचवा,” ती म्हणाली. “आमचा मागून आणू नका. त्यांनी आपणहून दिला तर घ्या.”

चारच्या लाँचनं तो निघाला. रात्री कुरेला घरी आला आणि कित्येक महिन्यांत झोपला नव्हता असा झोपला. सकाळी जाग आली तेव्हा ऊन पायाशी आलं होतं. त्यानं चहा केला, एक पेला कलशापुढं ठेवला आणि पाकीट कलशाला टेकवून उभं केलं. मग बसून सगळं सांगितलं, मटाराच्या सालांसकट. पाठ हलकी वाटत होती. नोव्हेंबरातल्या त्या टेलिफोनवरच्या आवाजाला त्याला पहिल्यांदाच उत्तर देता आलं: कोरडं आहे रे, बघ. दाराशी साठलेले पेपर त्यानं त्या दिवशी बांधून रद्दीवाल्याला दिले, एक सोडून.

आता जून अर्धा संपला आहे. काजितानीच्या घरी, मात्सुएला जायची गाडी सकाळी सव्वासातला आहे. थडग्यावर कोरायला हात्सुएचं नाव लिहून देवळात द्यायचं आहे. पाकीट आणि कलश अजून शेजारी शेजारी कोनाड्यात आहेत. दोन्ही पोचवायचं राहिलं आहे.